रोज सकाळी वीस मिनिटं

वामनकाकांना गाडी चालवता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. भूमी अभिलेखच्या कार्यालयात पस्तीस वर्षं ते सायकलने गेले, सायकलनेच निवृत्त झाले. पण दारव्ह्यात आमच्या गल्लीत सकाळी सातला पहिली गाडी सुरू व्हायची ती त्यांचीच. पूजा आटोपली की बॉनेटवर एक फूल ठेवायचं, ड्रायव्हरच्या सीटवर बसायचं, चावी फिरवायची आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत वीस मिनिटं बसून राहायचं. गाडी जागची इंचभर हलायची नाही. वीस मिनिटं झाली की चावी उलटी फिरवायची, कपडा मारायचा, कव्हर घालायचं. असं जवळजवळ चार वर्षं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा तिसऱ्या दिवशी डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून माणूस गाडीत बसलेला मी स्वतः पाहिला आहे.

आणि हे त्यांना सांगितलं कोणी? मीच.

मी जफर. यवतमाळ रोडवर माझं गॅरेज आहे. सव्वीस वर्षं झाली हात काळे करतोय. माझी जीभ कडू आहे असं गिऱ्हाईक म्हणतात, आणि त्यात काही खोटं नाही. मोबाइलवर व्हिडिओ बघून येतात आणि मलाच इंजिन शिकवतात, त्यांचं मी काय लाडकौतुक करू? वामनकाकांना मात्र मी कधी तोडून बोललो नाही. माझ्या अब्बांच्या जागेच्या मोजणीची फाईल तीन वर्षं सापडत नव्हती, ती या माणसाने सुट्टीच्या दिवशी कार्यालयात बसून, धुळीत खोकत खोकत शोधून काढली होती. अब्बा गेले तेव्हा स्वतःच्या जागेत गेले.

गाडी त्यांच्या मुलाची, अनिकेतची. दिसायला लहानशी, पण टर्बोवाली. पुण्याला नोकरी होती तेव्हा त्याने हौसेने घेतली होती. पुढे त्याला नेदरलँड्सला जायचं झालं, बायको आभा सोबत गेली आणि गाडी इथे राहिली. निघाला त्या सकाळी बॅटरी बघायला म्हणून मी अंगणात होतो. अनिकेतने चावी बापाच्या हातावर ठेवली आणि म्हणाला, "बाबा, दोन वर्षांत येतोच. गाडी तुमच्यावर सोपवून चाललोय." काकांनी चावी दोन्ही हातांनी घेतली.

तो गेल्यावर मी म्हणालो, "काका, गाडी उभी नका ठेवू. रोज जराशी सुरू करत जा, नाई तर ब्याटरी उतरते."

"जराशी म्हणजे किती?"

कारकुनाला आकडा लागतो. मी बोलून गेलो, "करा न पंधरा-वीस मिनिटं."

माझ्या डोक्यात होतं महिना-दोन महिन्यांपुरतं. मग कोणीतरी ड्रायव्हर बघून आठवड्यातून एकदा रस्त्यावर काढतील, असं मी धरून चाललो होतो. ते मी बोललो नाही. पुढच्या वर्षी काका गाडीचं पुस्तक घेऊन गॅरेजला आले. त्यात लिहिलं होतं, दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल तेव्हा ऑइल बदला. मी हसलो. म्हणालो, "काका, वर्षभरात गाडी चालली किती? पीयूसीले नेली तेवढी. चांगलं ऑइल कायले फेकता?" काकांनी पुस्तक मिटलं. पुस्तकापेक्षा त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. त्या दिवशी मी त्यांचं भलं केल्याच्या तोऱ्यात घरी गेलो होतो.

दर रविवारी अनिकेतचा फोन यायचा. रजनीकाकूंशी दोन शब्द, नातीचं तोंड दाखवणं, मग काका. अनिकेत विचारायचा, "बाबा, गाडी कशी आहे?" आणि काकांचं सुरू व्हायचं. टायरमध्ये हवा किती, काच कशाने पुसली, उंदराने वायर कुरतडू नये म्हणून तंबाखूची पुडी कुठे ठेवली. काकू मला म्हणायच्या, "जफर, एरवी याह्यच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे विहीर उपसल्यासारखं आहे. पोराशी बोलतात ते इतकंच." मी हसायचो. बापलेकांचं असंच असतं, माझं आणि अब्बांचं तरी काय वेगळं होतं.

या दिवाळीनंतरच्या सोमवारी काका चालत गॅरेजला आले. चेहरा असा उजळलेला मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. अनिकेत येत होता, चार वर्षांनी, बायको-पोरीला घेऊन. शनिवारी नागपूरला विमान उतरणार होतं.

"मी त्याले म्हटलं, तुह्यीच गाडी घेऊन येतो विमानतळावर. तू चालवशील न, जफर? येताना मात्र चावी त्याच्या हातात द्यायची."

"चालवीन न काका. आपलंच काम आहे."

"एकदा सर्व्हिसिंग करून घे. अन् थोडं ऑइल लागून राह्यलं तिले."

"थोडं म्हणजे?"

"पंधरा दिवसांत अर्धा लिटर. आधी महिन्याले लागायचं. मी रोज ऑइलची पट्टी काढून पाहतो, खूण खाली गेली की भरतो. जमिनीवर थेंब नाही. खाली पुठ्ठा टाकून पाह्यला."

जमिनीवर थेंब नाही आणि ऑइल जातंय, म्हणजे ते इंजिनच्या आत जळतंय. मी त्यांच्यासोबत घरी गेलो आणि चावी फिरवली. मागून निळा धूर निघाला आणि तुळशीपर्यंत गेला. काका म्हणाले, "सकाळी होतो थोडा धूर. थंडी आहे न." गेल्या वर्षी पीयूसीच्या वेळी मलाही धूर दिसला होता. ऑइल जास्त भरलं असेल, असं म्हणून मी विषय सोडून दिला होता. स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

गाडी गॅरेजला आणली. काका मागोमाग आले आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. जा म्हणालो तर जाईनात. मग मी त्यांच्यासमोरच इंजिनचं वरचं झाकण उघडलं.

मी बरीच घाण इंजिनं उघडली आहेत. ट्रॅक्टरची, काळीपिवळीची, दहा वर्षं ऑइल न पाहिलेली. असं इंजिन मी पाहिलं नव्हतं. पातळ ऑइल कुठे दिसतच नव्हतं. सगळीकडे काळा, दाट कीट चढलेला, कढईच्या तळाशी करपलेल्या गुळासारखा. बोट घातलं तर बोटाची खूण तशीच राहिली.

"हे काय आहे?" काका उठून जवळ आले.

"ऑइल आहे काका."

"असं कसं? मी तर नवीनच भरत होतो. डबे आहेत घरी, दाखवतो तुले."

नवं ऑइल जुन्या किटात पडून तेही कीटच होत होतं. इंजिन रोज सुरू व्हायचं, पण पुरतं तापायचं कधीच नाही. जागेवर उभी गाडी वीस मिनिटांत कोमट होते, बस. आतली वाफ आतच राहते, न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, आणि दिवसागणिक ऑइल घट्ट होत जातं. मी मनात हिशेब केला तर चारशेच्या वर तास निघाले. तेवढ्या तासांत हायवेवर गाडी वीस हजार किलोमीटर जाते. काट्यावर या चार वर्षांत वाढले होते फक्त ऐंशी. टर्बो म्हणजे इंजिनात जोराने हवा ढकलणारा पंखा; त्यात ऑइल जातं बारीक नळीने आणि परत येतं जाड नळीने. ती परतीची नळी किटाने बुजत आली होती. मागे जायला वाट नाही म्हटल्यावर ऑइल सील फोडून हवेच्या पाइपात घुसत होतं आणि धूर होऊन निघून जात होतं.

हे मी त्यांना सांगितलं. शक्य तितक्या साध्या शब्दांत सांगितलं, पण सांगितलं.

"म्हणजे मी सुरू केली नसती तर बरी राह्यली असती?"

"एवढी खराब नसती झाली."

"रोज मीच..." ते थांबले. मग खुर्ची शोधत मागे सरकले आणि बसले.

"काका, चूक माही आहे. मीच सांगतलं होतं तुमाले."

"तू सांगतलं होतं पंधरा-वीस. मी वीस धरले." त्यांनी चष्मा काढून पुसला. "पंधरा धरले असते तरी चाललं असतं न?"

मी डिझेलचा डबा आणायला आत गेलो आणि आत जरा जास्त वेळ लावला. गिऱ्हाइकाने निष्काळजीपणा केला असता तर मी त्याला उभा-आडवा घेतला असता. या माणसाने काळजी करून इंजिन घालवलं होतं.

बाहेर आलो तर त्यांचा प्रश्न तयार होता. "शनिवारपर्यंत होईल न?"

खरं उत्तर होतं, नाही. टर्बो बदलायला हवा होता. यवतमाळच्या स्पेअर पार्टवाल्या अब्रारला फोन केला, तो म्हणाला वीस दिवस लागतील, मागवावा लागतो. बरं, टर्बो मिळाला असता तरी हे इंजिन पूर्ण खोलून, एकेक भाग डिझेलने धुऊन, वाटा तारेने मोकळ्या केल्याशिवाय रस्त्यावर काढायला नको होतं. वरवर साफ करून गाडी पळवली तर आतल्या अरुंद वाटांमधला कीट गरम होऊन सुटतो, इंजिनखालच्या ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतो आणि ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो. जाळी बुजली की पंप कोरडा फिरतो. मला हे चांगलं माहीत होतं. मी शिकाऊ असताना माझ्या उस्तादांनी याच चुकीवरून एकाला गॅरेजबाहेर काढलं होतं.

"होईल काका," मी म्हणालो.

त्यांच्या तोंडाकडे बघून दुसरं काही बोलता आलं नाही. एवढाच माझा बचाव.

मग चार दिवस मी दुसऱ्या कोणत्या गाडीला हात लावला नाही. चेंबर उतरवला, वाटीवाटीने कीट काढला. जाळी धुतली, नवी दिसेपर्यंत धुतली. परतीची नळी मोकळी केली. फ्लशिंगचं ऑइल घालून इंजिन फिरवलं, काढलं, परत घातलं, परत काढलं. पहिल्यांदा डांबर निघालं, चौथ्यांदा चहा निघाला. टर्बोचा दांडा बोटाने हलत होता, नको इतका हलत होता. तो तसाच बसवला. काका रोज सकाळी सातला गॅरेजवर यायचे. सातला त्यांना घरी करायला काही उरलं नव्हतं. बसायचे, आणि मी काढून ठेवलेले नट आकारानुसार लावून ठेवायचे.

गुरुवारी इंजिन बांधलं, नवं ऑइल भरलं, सुरू केलं. धूर अगदी थोडा. आवाज साफ. मीसुद्धा फसलो. मला वाटलं, निभावलं.

शुक्रवारी सकाळी मी चाचणीसाठी गाडी काढली तेव्हा काका इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. "मीही येतो," म्हणाले. नको म्हणायला काही कारण सुचलं नाही. यवतमाळच्या दिशेने निघालो. चार वर्षांत ते या गाडीत बसून पहिल्यांदा कुठेतरी जात होते, आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून ताठ बसले होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता, बाया वेचायला उतरल्या होत्या. थोड्या वेळाने काकांनी खिडकीची काच खाली केली. सत्तरचा वेग घेतला तेव्हा टर्बोने जोर दिला आणि गाडी पुढे झेपावली.

"आता कळलं," काका म्हणाले, "त्याले काहून आवडते ती."

बोरी अरब गावाच्या अलीकडे समोर लाल दिवा लागला. ऑइलचा. मी ताबडतोब पाय काढला, गाडी कडेला घेतली, चावी फिरवून इंजिन बंद केलं. सगळं मिळून पाच-सात सेकंद लागले असतील. त्यातच आधी टर्बो किंचाळला, मग खालून ठक ठक ऐकू आलं. कोरड्या पडलेल्या इंजिनचा तो आवाज मला वेगळा ओळखावा लागला नाही. पट्टी काढून बघितली, ऑइल भरपूर होतं. म्हणजे जाळी बुजली होती; चेंबरमध्ये ऑइल होतं आणि इंजिनला ते मिळालं नव्हतं. थोडं थांबून एकदाच चावी फिरवून पाहिली. टक् असा आवाज आला आणि काही फिरलं नाही.

मी बाहेर येऊन बॉनेट उघडलं. उघडून करणार काय होतो? रस्त्याने जाणाऱ्या एसटीतली माणसं वळून बघत होती. काका खाली उतरले आणि माझ्याशेजारी उभे राहिले.

"जाम झालं?"

"हो काका."

"उद्यापर्यंत?"

"नाही काका. हे इंजिन आता होत नाही. मले माहीत होतं असं होऊ शकते. मी तुमाले सांगायले पायजे होतं, सोमवारीच."

मला वाटलं ते बोलतील. बोलावं अशी माझी इच्छा होती. चार लोकांत माझा उद्धार केला असता तर मी मान खाली घालून ऐकलं असतं. काका रस्त्याकडेच्या बाभळीखाली जाऊन एका दगडावर बसले. मी ओळखीच्या नेमसिंगला फोन करून दोरखंड आणि ट्रॅक्टर घेऊन यायला सांगितलं. त्याला यायला तास लागणार होता.

"मले एक काम सांगायची वेळ आली होती त्याच्यावर," काका म्हणाले. ते माझ्याशी बोलत होते की कापसाशी, सांगता येत नाही. "शाळेत होता तेव्हापासून सगळं स्वतःच केलं त्यानं. फी भरायची रांग स्वतः, पुण्याची खोली स्वतः, लग्नाचा हॉल स्वतः. मले कधी काही मागतलं नाही. ही एक गाडी सांभाळा म्हटला."

मी जाऊन उघडं बॉनेट लावून आलो.

"रागवेल तो. रागवायलेच पायजे. तू सांग त्याले, जफर. मले फोनवर नाही जमणार."

आमच्याकडे अकरा वाजले होते, तिकडे सकाळ नुकती होत असेल. मी थोडा पुढे जाऊन अनिकेतला फोन लावला. तो जागाच होता, मागे बॅगांच्या चेनचे आवाज येत होते. मी काही लपवलं नाही. ऑइल, कीट, माझा सल्ला, शनिवारची घाई, सगळं सांगितलं. त्याने मधे एकदाही अडवलं नाही.

"जफरभाई, इतकं काय मनाला लावून घेता," तो म्हणाला. "जाऊ द्या ती गाडी. मी नागपूरहून टॅक्सी केव्हाच बुक केली आहे. लहान पोरगी सोबत आहे, जुन्या गाडीत कोण रिस्क घेणार? बाबांना वाईट वाटलं असतं म्हणून बोललो नव्हतो, तिथे पोचल्यावर बघू म्हटलं. इंजिन गेलं ना, भंगारात देऊन टाका. मोकळी होईल जागा."

"पण तुमी तर दर रविवारी विचारता..."

"मग काय विचारू?" तो हसला, पण ते हसू नीट आलं नाही. "तब्येत विचारली तर ठीक म्हणतात. पेन्शन विचारली तर ठीक म्हणतात. गाडीचं विचारलं की दहा मिनिटं बोलतात. मला त्या गाडीचं काय पडलंय? बाबांचा आवाज ऐकायला मिळतो. त्यांचा जीव आहे तिच्यात, म्हणून विचारत होतो."

काकांचा जीव गाडीत आहे, असं याला वाटत होतं. याचा जीव आहे, असं त्यांना वाटत होतं. आणि मी मेकॅनिक माणूस, दोघांच्या मधे रस्त्यावर उभा.

"बाबा आहेत का तिथे? द्या, मी सांगतो त्यांना, काही टेन्शन घेऊ नका म्हणून."

"नको," मी घाईने म्हणालो. "आत्ता नको. इथं रेंज नाही." आणि फोन ठेवला.

काका दगडावरून उठून उभे होते. माझा चेहरा वाचत होते. मी जवळ गेलो तशी त्यांनी शर्टावरची नसलेली धूळ झटकली.

"काय म्हटलं त्यानं? रागावला?"

खरं सांगायचं तर काही अवघड नव्हतं. नाही काका, अजिबात रागावला नाही, भंगारात द्या म्हणाला, टॅक्सी केव्हाच ठरवली होती. एका दमात सांगून झालं असतं. चार वर्षं, रोज सकाळी, डोळ्याला पट्टी बांधून, आणि तिकडे कोणाला त्याचं काही नाही. राग आला असता तर निदान ती वीस मिनिटं कोणाच्या तरी हिशेबात धरली गेली असती.

"लय रागावले ते, काका," मी म्हणालो.

काकांनी डोळे मिटले. मान हलवली, हळूहळू, दोन-तीनदा. "रागवणारच. त्याची गाडी आहे." मग डोळे उघडून माझ्याजवळ सरकले. "काय काय बोलला?"

मी सांगत सुटलो. म्हणाले, माझ्या गाडीचं तुम्ही वाटोळं केलं. म्हणाले, मी भरवशावर टाकून गेलतो. म्हणाले, तिकडं बसून रोज तिचीच आठवण करत होतो. जे सुचेल ते. काका एकेक वाक्य ऐकत होते, मधेच "हो," "बरोबर आहे त्याचं," म्हणत होते, आणि त्यांचा चेहरा सैल होत चालला होता. मी थांबलो की "आणखी?" म्हणून विचारत होते, म्हणून मी थांबत नव्हतो. उद्या संध्याकाळी अनिकेत टॅक्सीतून उतरेल, बापाच्या पाया पडेल आणि गाडीबद्दल एका शब्दानेही रागावणार नाही, हे मला माहीत होतं.